शेपटाखालचं चाक

जेवणाच्या टेबलावर त्रेचाळीस भाग मांडलेले होते आणि पेटीवर छापलं होतं चव्वेचाळीस. तपासनीसांनी तिसऱ्यांदा मोजले, तरी त्रेचाळीसच. अशा वेळी माणसाचा चेहरा पडतो, यांचा उजळला. दीड वर्षाने त्यांना पुन्हा एकदा चूक सापडली होती, आणि ती दुसऱ्याची होती.

पंपांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते, म्हणून सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. पंप, नळी, चार बोल्ट आणि एक वॉशर खोक्यात आहे ना, हे मोजायचं आणि वर चिठ्ठी टाकायची: 'तपासले, क्रमांक १४.' दीड वर्षापूर्वी एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की खोक्यात वॉशरच नाही. "मी तीनदा मोजलंय, साहेब. त्याच्याच घरात पडलं असेल, शोधा म्हणावं," असं तपासनीस परोपरीने सांगत राहिले. साहेबांनी गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना तपासनीसांना घरी बसवलं. कागदावर कारण लिहिलं: 'दृष्टी कमी झाल्यामुळे.' ते तीन शब्द त्यांनी कधीच मान्य केले नाहीत.

घरी बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले डबे मोजले, बायकोच्या गोळ्या मोजल्या, इस्त्रीहून आलेले कपडे मोजले. सगळं बरोबर निघालं, त्यामुळे ते जास्तच चिडले. शेवटी मुलीने त्यांना भाग जोडून करायच्या छोट्या विमानाचं किट आणून दिलं. लहानपणी मामाबरोबर ते अशी विमानं जोडत असत. मामाचे नियम त्यांना अजून पाठ होते. टेबल मोकळं हवं, पंखा बंद हवा, सगळ्यांत बारीक भाग आधी बाजूला काढून ठेवायचा आणि चिकटवायचं ते श्वास रोखून. हेच नियम त्यांनी कारखान्यातही पाळले होते.

"माझे डोळे ठीक आहेत की नाहीत, ते आता हे विमानच सांगेल," असं जाहीर करून ते बसले होते, आणि पहिल्याच दिवशी विमानाच्या शेपटाखालचं चाक गायब. मसुराएवढं चाक!

"इथंच कुठंतरी असेल," बायको म्हणाली. "तुम्हीच कुठं ठेवलं असेल."

"मी तीनदा मोजलंय."

"मोजायच्या आधी पडलं असेल तर?"

यावर तपासनीसांनी घरात केर काढायला बंदी घातली. सोफा हलवला, गालिचा झटकला. पंखा बंद तो बंदच. टेबलावर भाग मांडलेले असल्यामुळे आठ दिवस घरातली माणसं घामाघूम होत मांडीवर ताट घेऊन जेवली. चाक सापडलं नाही. पेटीच्या तळाशी मात्र एक चिठ्ठी सापडली: 'तपासले, क्रमांक ७.'

"हा बघा चोर!" तपासनीस गरजले. "घे गं लॅपटॉप. लिही."

मुलीने साधं पत्र लिहिलं. तपासनीसांनी ते नापास केलं आणि स्वतः मजकूर सांगितला. खाली सही, 'माजी तपासनीस, अनुभव एकतीस वर्षे.' कंपनीने चारच दिवसांत क्षमा मागून नवं चाक पाठवलं. बायकोने सुटकेचा श्वास सोडला आणि पंखा लावला.

तपासनीसांनी तो बंद केला. "चाकाला कुणी हात लावायचा नाही. तो पुरावा आहे."

"अहो, आलं ना चाक? लावा की आता!"

"प्रश्न चाकाचा नाही. प्रश्न जबाबदारीचा आहे. आज चाक विसरला, उद्या पंख विसरेल. क्रमांक सातवर काय कारवाई केली, ते मला लेखी हवंय."

"तुमचे साहेबही हेच म्हणाले असतील, नाही?" बायको म्हणाली.

त्यानंतर दोन दिवस तपासनीस बायकोशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत त्यांनी तीन पत्रं लिहवून घेतली. तिसऱ्यात 'दृष्टी कमी असलेल्या व्यक्तीस या पदावर ठेवणे गैर' असं वाक्य होतं. ते टाइप करताना मुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं, पण ते पुढचा मजकूर सांगत होते.

पुढच्या आठवड्यात कंपनीकडून मोठं पार्सल आलं. आत भेट म्हणून एक कोरं किट होतं आणि पत्र. तपासनीसांनी ते मोठ्याने वाचलं. 'आपल्या तक्रारींची गंभीर दखल घेऊन तपासनीस क्रमांक ७ यांना सेवेतून कमी केले आहे. यापुढे सर्व पेट्या यंत्राद्वारे तपासल्या जातील.'

"बघा," तपासनीस म्हणाले. पण आवाज नेहमीएवढा चढला नाही.

"बाई होती की पुरुष?" बायकोने विचारलं.

"कोण?"

"क्रमांक सात."

"ते कशाला हवंय तुला?"

"काही नाही. आता दिवसभर घरी बसून काय मोजत असेल, म्हणून विचारलं."

त्याच आठवड्यात मुलीने त्यांना बळेबळे डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नंबर चांगलाच वाढला होता. नवा चष्मा आला. त्याच्या काचा पुसायला तपासनीसांनी कारखान्यापासूनचं जुनं चष्म्याचं घर उघडलं, आतलं फडकं काढलं आणि उलगडलं. पहिल्या घडीतून शेपटाखालचं चाक टेबलावर पडलं.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. पेटी उघडल्याबरोबर सगळ्यांत बारीक भाग हरवू नये म्हणून त्यांनी बाजूला काढला होता, मग बाकीचे मोजले होते. तीनदा. अगदी मामाने शिकवलं होतं तसंच.

ते फडकं तसंच धरून बसले. मग त्यांनी दुसरी घडी उलगडली. तिच्यात एक वॉशर होतं.

मग वॉशर मुठीत धरून त्यांनी मुलीला हाक मारली.

"आता काय कमी आहे, बाबा?"

"काही कमी नाही. लिही. चाक माझ्याकडेच होतं. चूक सर्वस्वी माझी आहे. क्रमांक सात यांना कृपा करून परत कामावर घ्या." 'कृपा करून' हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पत्रात घातले.

उत्तर मिनिटभरात आलं. 'आपला भाग मिळाल्याचे वाचून आनंद झाला. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.' खाली पाच चांदण्या होत्या. सेवा कशी वाटली, ते सांगायला.

तेवढ्यात बायको आली. टेबलावरचं चाक तिने पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि टोमणा मारायचा सोडून पंखा लावला.

"सापडलं एकदाचं," ती म्हणाली. "चष्म्याच्या घरात आणखी काही नाही ना?"

"नाही. एवढंच."

"नीट बघितलंत?"

तपासनीसांनी मूठ आणखी घट्ट केली.

"तीनदा," ते म्हणाले.