रुमालाखालचा आकडा

आमच्या शेजारच्या निंबा नानांच्या तोंडून आकडा निघत नाही. त्यांना किती वाजले विचारा. ते खांद्यावरचा पांढरा रुमाल तुमच्या हातावर टाकतील, त्याखाली तुमची बोटं चाचपतील आणि चार दाबतील. चार वाजले. साडेचारला काय करतात हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा पाचपर्यंत थांबतात.

नानांची हयात बैलबाजारात दलाली करण्यात गेली. तिथे भाव बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. बाजार सुटला, सोनगीर गाव सुटलं, नाना धुळ्यात आमच्या कॉलनीत एकटे राहायला आले, पण रुमाल काही सुटला नाही. "आकडा तोंडनं निंघना की फुटना," असं ते म्हणतात. दवाखान्यात नव्या डॉक्टरांनी वय विचारलं, तेव्हा नानांनी त्यांचाच हात रुमालात घेतला. डॉक्टरांना वाटलं, म्हातारबुवांना चक्कर आली. त्यांनी नानांना आडवं करून सलाइन लावलं.

दुसरं वेड दातांचं. बैलाचं वय दात बघून कळतं, म्हणून जगातली कुठलीही वस्तू घरात आली की नानांचा प्रश्न ठरलेला: "दात पाह्यात का?" आमचा फ्रिज आला तेव्हा विचारलं, माझ्या आतेबहिणीचं स्थळ आलं तेव्हाही विचारलं. स्थळाच्या बाबतीत ते बरोबर निघाले, पण तो विषय वेगळा.

मी शाळेत असल्यापासून रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचे. "कितला?" असं म्हणून नाना रुमाल टाकत आणि मी त्याखाली मार्क दाबून दाखवी. गणितात पंचवीसपैकी चार पडले त्या दिवशी ही पद्धत मला फार आवडली. आई दोन हातांवर उभी होती, तिला काही कळलं नाही.

तर बारावी कॉमर्सनंतर मला पुण्याच्या एका युनिव्हर्सिटीकडून बीबीएसाठी ऑफर लेटर आलं. अर्जात मी 'लहानपणापासून उद्योजकतेची आवड' असं लिहिलं होतं. पुरावा एवढाच, की शाळेच्या आनंदमेळ्यात मी भेळेचा स्टॉल लावला होता आणि निम्मी भेळ स्वतः खाल्ली होती. पत्रात दोन पर्याय होते: तीन वर्षांची साधी पदवी किंवा चार वर्षांची ऑनर्स. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. दोन्हींत नेमकं काय शिकवतात हे मला माहीत नव्हतं, पण ऑनर्स हा शब्द मला स्वतःच्या नावापुढे फार शोभून दिसत होता. तेवढ्यावर मी चार वर्षं ठरवून टाकली.

पत्र आणि माहितीपुस्तक घेऊन ओट्यावर गेले. पुस्तकातली मुलं लॅपटॉपकडे बघून हसत होती.

"ह्या बठ्ठा दात दखाडी राह्यनात," नाना म्हणाले. "जो सोता दात दखाडस, तेनं काय खरं शे?" मग रुमाल पडला. "कितला?"

एका वर्षाला साधारण लाखभर फी होती. मी चार बोटं दाबली. नानांनी त्यातलं एक हळूच दुमडलं. तीन.

"नाना, तिथे घासाघीस चालत नाही. चार म्हणजे चार."

पुन्हा तीन. दुसऱ्या दिवशीही तीन. मी त्यांना 'गुंतवणुकीवरचा परतावा' समजावून सांगितला. हे मी आदल्या दिवशीच मोबाइलवर पाहिलं होतं, त्यामुळे अगदी अधिकाराने बोलत होते. फी आमचे पप्पा भरणार होते आणि हा माणूस तीनवर अडून बसला होता. चिक्कू म्हातारा, असं मी मनात म्हटलं. गुरुवारी तर मी चिडून हातच ओढला.

"नाना, फी तुम्ही भरणार आहात का?"

"फीनं कोन बोली राह्यनं?" नाना म्हणाले. "मी वरीसनं बोली राह्यनू."

रुमालाखाली नुसता आकडा कळतो, कशाचा ते कळत नाही. बाजारात समोर बैल उभा असतो म्हणून चालतं.

नानांनी माझा हात परत रुमालात घेतला आणि दोन बोटं धरली. "मना आंडोर सुरतले गया, तव्हय इतलाच दाबीसन गया व्हता. आते सोळा वरीस व्हई ग्यात."

नानांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला आकडा: दोन वर्षं सांगून गेलेल्या मुलाची सोळा वर्षं. सोळा एका हाताच्या बोटांत मावत नाही, म्हणून निघाला असेल. मला माझ्या परताव्याची फार लाज वाटली.

शुक्रवारी मी तीन वर्षांवर खूण केली. घरी सांगितलं, बाजाराचा अभ्यास करून निर्णय घेतला आहे. पप्पांना माझं फार कौतुक वाटलं. खोटंही नव्हतं, फक्त बाजार बैलांचा होता.

आता माझं तिसरं वर्ष संपत आलंय. परवा धुळ्याला गेले ती नोकरी पक्की करूनच. पुण्यातली जागा मिळत होती, पण मी कंपनीला विचारलं, खान्देशात तुमचं काही आहे का? जळगावला आहे म्हणाले. पगार थोडा कमी. वर्गातले सगळे मला वेड्यात काढताहेत.

ओट्यावर बसले. नाना आता बरेच वाकलेत. जळगावची नोकरी म्हटल्यावर त्यांनी रुमाल टाकला.

"कितला?"

मी झटकन दोन बोटं दाबली. नानांचा हात रुमालाखाली एकदम थंड पडला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी काय दाबलं ते. तीन वर्षं व्यवसाय शिकूनही अक्कल तेवढीच.

"तास, नाना!" मी मोठ्यांदा ओरडले. समोरच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल. "एसटीनं दोन तास. दर शनिवारी येईन."

"हळू बोल ना, पोरी," नाना म्हणाले. "आकडा फुटी जाई."

पण बोटं त्यांनी सोडली नाहीत.