वशिल्याचं सुतक

सेलूचे दिनकरराव वकील वारल्याची खबर पेडगावात आली, तेव्हा किशनराव त्यांच्यासाठीच तुपाचा डबा बांधत होते. ते मटकन खाली बसले.

"गेली! आपल्या भुजंगाची नौकरी गेली!"

नोकरी अजून लागलेली नव्हती. त्यांचा मुलगा भुजंग हैदराबादेत बी.ए. होऊन आला, तेव्हापासून घरीच होता. दिनकररावांची तालुकदारसाहेबांशी, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या जिल्ह्याच्या कलेक्टरशी, दोस्ती. ते भुजंगाचं नाव साहेबांच्या कानावर घालणार होते, आणि तोवर सेलूला तूप जात होतं.

पण भुजंगाला घेऊन सेलूच्या रेल्वेत बसता बसता किशनरावांच्या डोक्यात उजेड पडला. "दोस्त गेला म्हणल्यावर साहेब भेटायला येणारच. तू त्यांच्या नजरंत भरंल असं रड."

"दादा, मी वकीलसाहेबांना एकदाच पाहिलंय. कसं रडू?"

"मग बी.ए. कशाला झालास?"

वकिलांच्या ओसरीत पाय ठेवताच किशनराव थबकले. ओसरी काळ्या शेरवान्यांनी भरली होती. प्रत्येक शेरवानीत एक पदवीधर आणि शेजारी त्याचा बाप. सगळ्यांचंच तूप इथं आलं होतं.

बाहेर मोटार थांबली. साहेब आत आले आणि एकच हंबरडा फुटला.

"ये सब मरहूम के कौन?" साहेब दचकून म्हणाले.

किशनरावांनी भुजंगाला पुढं ढकललं. "हुजूर, दिनकररावांनी याला पोटच्या लेकासारखं मानलं!"

"आमच्या बन्सीधरालाबी!" बोरीचे आबासाहेब ओरडले.

"आमच्याबी पोराला!"

दिनकररावांना मूलबाळ नव्हतं. त्यांची जमीन आता आपलीच, म्हणून भाऊबंद कोपऱ्यात समाधानानं बसले होते. ते ताडकन उठले. अंमलदारासमोर लेक म्हणवून घेणं म्हणजे दत्तकाचा दावाच की!

"कोन रे तू दत्तक?" एकानं भुजंगाची गचांडी धरली. शेरवानीची बटणं उडाली. आबासाहेब मधे पडले, त्यांचा फेटा सुटला.

"थांबा!" दिनकररावांच्या पत्नी कस्तुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जिते व्हते तवर एक लेक नव्हता, आता ओसरी भरली! बरं झालं. लेक हाव म्हन्ता न्हवं? मग बापाचं काम करा. इथली लेकरं सगळं उर्दूत घोकायलेत. मराठी शाळा काढायचं ह्यांच्या लय मनात व्हतं. ही ओसरी शाळंला दिली. साहेब, परवानगी आत्ताच द्या."

मयताच्या घरी नाही कसं म्हणावं? साहेबांनी मान हलवली. "पढाएगा कौन?"

रडणं एकदम थांबलं. बापांनी आपापल्या पोरांचे हात दाबून धरले. वर गेला तो एकच हात, भुजंगाचा.

"मी, हुजूर! उद्यापासून म्हणा, आजपासून म्हणा!"

"आरं येड्या, ती सरकारी न्हाई!" किशनराव कुजबुजले. "तिला पेन्शन न्हाई!"

"दादा, मला हेच करायचं व्हतं. तुमी कधी इचारलंच न्हाई."

पोराचं तोंड असं फुललं होतं की सुतकाच्या घरात किशनरावांनाही हसू आवरेना.

तेरावं झालं आणि ओसरीत बाराखडी घुमू लागली. लेकरं मावेनात म्हणून अंगणात मांडव पडला. भुजंगाला जेवायला सवड नाही, आणि किशनराव सेलूला येऊन दारात लेकरांच्या चपला लावत बसतात.

दिनकररावांसाठी रडायचं मात्र दोघांचंही अजून राहिलंय.