पाहिले, ब. गो. पाटील

माझ्या लग्नाची पत्रिका मी घरमालकांना दिली, ती दुसऱ्या दिवशी मला परत मिळाली. वर जांभळ्या शाईत शिक्का होता: 'पाहिले. ब. गो. पाटील, अव्वल कारकून (निवृत्त)'. खाली तारीख. मी घाबरून विचारलं, "भाऊ, काही चुकलं का?" तर म्हणाले, "चुकलं कायच नाय. पाहिली. आता पुढं जाऊ द्या." पुढं म्हणजे कुठं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. लग्न मात्र झालं.

बळवंतभाऊ पाटील म्हणजे वसईकडच्या जूचंद्र गावचे जुने रहिवासी. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत शिक्के मारले. निवृत्तीच्या दिवशी शिक्का जमा करावा लागला, तेव्हा ते रात्री जेवले नाहीत, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, सांगतात. आठवड्याभरात वसईला जाऊन स्वतःचा नवा बनवून आणला, तेव्हा कुठं घास उतरला. "पाहिल्याशिवाय कागद पुढं जायाचा नाय," हे वाक्य ते दिवसातून दहादा तरी म्हणायचे.

लाइटबिल आलं की शिक्का. दुधाचं बिल आलं की शिक्का. पेपरवर आधी शिक्का, मग चहा, आणि वेळ उरलाच तर वाचन. एकदा भाच्यासाठी मुलीचा फोटो आला. भाऊंनी पाठीमागून शिक्का हाणला. शाई पुढं उमटली आणि मुलीच्या कपाळावर तारीख आली. मुलगी कशी वाटली, असं बहिणीनं विचारलं, तर म्हणाले, "फोटो रीतसर हाय." मुलीकडच्यांनी तो फोटो परत मागून घेतला.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. एके वर्षी मुंबईतल्या एका प्रदर्शनात मला मेई-यिन भेटली. मलेशियातल्या पेनांगची चिनी बाई, चाळिशीची. चार मैत्रिणींचा त्यांचा गट होता. बाकीच्यांपैकी एक हाँगकाँगला, एक तैपेईला आणि एक पार टोरांटोला. पाठीशी ना गॅलरी, ना अनुदान, ना कुणी शेठ. चौघींत मिळून एकच कागद, तीस फूट लांब. गुंडाळी करून तो पोस्टानं एकमेकींकडे पाठवायचा आणि प्रत्येकीनं त्यावर आपल्या आईचं स्वयंपाकघर काढायचं. सहा वर्षं हे चाललं होतं. मी तिच्या मागंच लागलो, एक रविवार हे चित्र आमच्या शाळेच्या हॉलमध्ये आणा म्हटलं. बिचारी खरंच आली.

उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी चित्राकडे पाठ करून फोटो काढून घेतला, "चायनीज आता आपल्या नायगाव स्टेशनबाहेरही चांगलं मिळतं" असं भाषण केलं आणि ते दुसऱ्या उद्घाटनाला गेले. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याबरोबर आलेले भाऊ मात्र चित्राजवळ थबकले होते. चित्राच्या कडेला लाल शिक्के होते, चांगले पंधरा-वीस.

"मास्तर, हे काय?"

"त्यांच्यात रीत आहे, भाऊ. चित्र काढणाऱ्याचा शिक्का असतोच. पण ज्यांनी मनापासून पाहिलं, तेही आपला शिक्का मारतात."

भाऊंचा चेहरा उजळला. "बघा, कशी शहानी मानसं! आपल्यात कोनाला हाय कदर?"

एवढं सांगून मी चहाचं बघायला गेलो, इथंच चुकलो. दारापाशी पोचतो तो मागून 'ठप्प' असा आवाज. वळून बघतो तर लाल शिक्क्यांच्या शेजारी जांभळं 'पाहिले', तारखेसकट. हा गृहस्थ शिक्का खिशात घालून फिरतो, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

मुख्याध्यापक मटकन खुर्चीत बसले. "मास्तर, इंटरनॅशनल मॅटर झालं हो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेई-यिन आली. तिनं वाकून शिक्का पाहिला. ओरडली नाही. काय लिहिलंय, एवढंच विचारलं. मी अर्थ सांगितला. मग ती भाऊंना म्हणाली, "छान. सांगा, काय पाहिलंत?"

मी मराठीत सांगितलं. भाऊ हळूच म्हणाले, "शिक्के."

पोरं फिदीफिदी हसली. ती हसली नाही. नीट पाहणाऱ्याचाच शिक्का आम्ही ठेवतो, म्हणाली, नाहीतर ही कड कापावी लागेल. आणि त्या कडेला तिच्या आईच्या घराची खिडकी होती.

चौतीस वर्षांत भाऊंच्या शिक्क्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तिला सांगा, कापू नको. संध्याकाळपर्यंत मुदत द्या म्हनावं."

मुदत मिळाली. भाऊंनी खुर्ची मागितली, चष्मा पुसला आणि बसले. जेवण नाही, चहा नाही. थोडा वेळ बघायचं, खुर्ची फूटभर सरकवायची, पुन्हा बघायचं. तीस फूट संपले की परत पहिल्यापासून. मी मनात म्हटलं, आता हे 'चित्र रीतसर हाय' म्हणणार आणि बाई कात्री काढणार.

पाचच्या सुमारास ते उठले. "मास्तर, इचारा तिला. घरं चार हायत. चारी घरात शेगडीपाशी स्टूल हाय. मग बाई चारी घरात उभीच का?"

मी सांगितलं. मेई-यिननं भाऊंकडे पाहिलं, मग चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. चौघींनी चार गावांत बसून काढलेलं चित्र, आणि एकीच्याही हे लक्षात आलं नव्हतं. "शिक्का राहू दे," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या, पण ते कशालाही वाजवतात.

घरी येताना भाऊ माझ्या चार पावलं पुढं चालत होते. मला वाटलं, मान मिळाला, स्वारी फुगली असेल. चहाला या म्हणाले म्हणून मी मागोमाग आत गेलो. भाऊ थेट स्वयंपाकघराच्या दारात. काकी भाकऱ्या शेकत होत्या, एक हात ओट्यावर टेकून, कधी या पायावर भार तर कधी त्या. भाऊ बघत राहिले. इतका वेळ, की शेवटी काकीच म्हणाल्या, "काय पायजे?"

"गुडगं दुखतात तुजं? कवापासून?"

काकींनी भाकरी उलटली. आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. "डॉक्टरचा कागद तुमच्याच हातात दिलेला. चार वर्सं झाली. तुमी शिक्का मारून फायलीत लावला."

भाऊंनी फाईल काढली. कागद लगेच सापडला, त्यांच्याकडे कागद हरवत नाही. वर 'पाहिले', खाली तारीख. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, पहिल्या ओळीपासून डॉक्टरच्या सहीपर्यंत. मग पुन्हा वाचला.

"मास्तर," भाऊ म्हणाले, "तुमी शिकलेली मानसं. मारलेला शिक्का रद्द कसा करायचा?"