आधी टाचा, मग चहा

नानांकडे जायचं असेल तर बुटाची नाडी सैल बांधावी, हे मी अनुभवानं शिकलो. साक्रीत त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. पायरीवर पाऊल ठेवलं की हुकूम येतो, "मास्तर, पाय दखाडा!" शाळेची घंटा होवो न होवो, बूट-मोजे काढून दोन्ही टाचा दाखवायच्या. त्या मागच्या बाजूलाच आहेत अशी खात्री पटली की मग, "या, चहा ल्या."

नानांचं म्हणणं असं, की हडळ असो नाहीतर नागीण, ती हवं ते रूप घेते. चेहरा तुमच्या मावशीचा, आवाजही मावशीचाच, सगळंच मावशीचं. "बठ्ठं बदलस, पाय बदलत नही!" सिलेंडर खांद्यावर घेऊन एका पायावर उभा राहिलेला गॅसवाला मी त्यांच्या दारात पाहिलाय. टीव्हीवर नागिणीची बाई झाली की नाना ओरडायचे, "आरे, तिना पाय दखाडा ना!"

माणूस एका जागी टिकत नसे. ओट्यावरून खिडकीशी, खिडकीतून आत डोकावून पुन्हा ओट्यावर. त्यांची बायको, अक्का, हल्ली आतच असायच्या. त्याही आधी माझ्या पायांकडे बघायच्या. म्हाताऱ्यानं चांगल्या बाईला नादी लावलं, म्हणून मला राग यायचा.

परवा आठवडी बाजारात एका मेथीवालीच्या टाचा बघायला नाना वाकले आणि मागून आलेली कांद्याची हातगाडी त्यांच्या उजव्या पायावरून गेली. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालताना "टाच उघडी ठेवा" म्हणून त्यांनी डॉक्टरशी भांडण मांडलं. मी पोट धरून हसलो. डॉक्टरांनी ऐकलं नाही.

मोटरसायकलवरून घरी आणलं तर अक्का दारात आडव्या उभ्या. "पाय दखाड." नानांनी डावा दाखवला. "उजवा," अक्का म्हणाल्या. प्लास्टर पाहून त्या मागे सरल्या. "हाऊ मना घरवाला नही. त्याना रूप लिसन कोन्ही ऊनं शे!" आणि नवऱ्याचं रूप घेऊन आलेल्या त्या परक्याला बाहेर ठेवून आतून कडी लागली.

नाना पायरीवर बसले. इतके स्वस्थ बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"मास्तर, भूतबित काही नही," ते हळूच म्हणाले. लग्नाच्या वर्षी शेतात वखराची पास, ते लोखंडी पातं, लागून त्यांची उजवी टाच चिरली होती, आणि अक्कांनी महिनाभर हळद भरली होती. "आते ती बठ्ठं इसरनी. मना चेहरा बी. तेवढा वण याद शे."

"मग गावाचे पाय कशाला बघता?"

"ती येनारा-जानाराले पाय दखाडा म्हने. मंग मीच पह्यले म्हनाले लागनू. लोके माले येडा म्हनतस, म्हनू द्या. तिले कोन्ही येडी म्हनाले नको."

माझं हसणं आठवून मला स्वतःची लाज वाटली. नानांनी ओट्यावरचा विळा ओढून प्लास्टर खरवडायला घेतलं होतं. ते अजून ओलंच होतं. मी विळा त्यांच्या हातून घेतला आणि टाचेपुरतं सावकाश कापून काढलं.

"अक्का, दार उघडा. उजवा पाय आहे."

कडी निघाली. अक्का खाली बसल्या, त्या वणावरून त्यांनी अंगठा फिरवला. "कोठे व्हतात इतला येळ? चहा थंडा व्हई गया." मग माझ्याकडे पाहिलं. "आनि हाऊ कोन?"

मी पायरीवर बसलो आणि बुटाची नाडी सोडायला लागलो.