पंधरा मिनिटांची कडी

बाथरूमच्या कडीसाठी सुतार कशाला बोलवायचा, आपण आहोत ना, असं सेफ्टीसाहेबांनी शनिवारी सकाळी चहाचा दुसरा कप संपवता संपवता जाहीर केलं, आणि घरातली शांतता तिथेच संपली.

सेफ्टीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कामगारांनी ठेवलेलं हे नाव आधी गेटपर्यंत, मग जिन्यापर्यंत आणि शेवटी घरात आलं. एकोणीस वर्षांत त्यांनी ड्रिल मशीन कसं वापरावं यावर चारशे तरी भाषणं ठोकली असतील. मशीन मात्र एकदाही हातात धरलं नव्हतं. (पोहण्यावर बोलणाऱ्यानं आधी ओलं व्हायलाच हवं, असा काही कायदा आहे का?) ते नवंकोरं मशीन त्यांनी आदल्याच आठवड्यात घेतलं होतं आणि रोज संध्याकाळी खोक्यातून काढून, पुसून, परत खोक्यात ठेवत होते.

कडी मोडून चार महिने झाले होते. आत कोणी असलं की बाहेर दाराला टॉवेल अडकवायचा, अशी घरात पद्धत पडली होती. टॉवेल काढायला विसरलं, की पुढचा माणूस अर्धा तास रिकाम्या बाथरूमबाहेर ताटकळत बसायचा.

"आज नको हो," बायको काकुळतीला येऊन म्हणाली. "आज माझी ऑर्डर आहे."

तिचं म्हणणं खरं होतं. बायको घरीच कपडे शिवायची. शाळेच्या बँडपथकाचे चाळीस शर्ट तिला मिळाले होते, आणि ते दुपारी तीनच्या आत पोचवायचे होते, कारण साडेतीनला पोरं ते घालून स्टेजवर उभी राहणार होती. शाळेचं काम मिळावं म्हणून ती दोन वर्षं त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती. हे वेळेत गेलं तर वर्षभराचं काम मिळणार, नाही गेलं तर पुन्हा दार वाजवायची सोय नव्हती. तेवीस शर्ट तयार होते. उरलेल्या सतरा शर्टांची काजं विजेच्या शिलाई मशीनवर व्हायची होती.

"पंधरा मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणाले.

"लाईट घालवणार नाही ना?"

"घालवणार म्हणजे काय? बंद करणार. चौकटीच्या मागून गीझरची वायर गेलीय. चालू वायरवर ड्रिल लागलं तर काय होतं, माहितीय?"

आता इथे साहेबांचं काही चुकलं, असं कोणीही म्हणणार नाही. अगदी बरोबर बोलले. बायकोलाही ते पटलं. "बरं, पंधराच मिनिटं हं. तेवढ्यात मी हातानं बटणं लावते," असं म्हणून ती खिडकीशी जाऊन बसली.

साहेबांनी मेन स्विच खाली केला आणि पेटीला एक लालभडक कुलूप ठोकलं. कारखान्यात ही पद्धतच असते. मशीन दुरुस्त करणाऱ्यानं त्याच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे तो आत हात घालून बसलेला असताना दुसरा कोणी येऊन चुकून बटण दाबत नाही. ज्याचं कुलूप त्याचीच चावी. यावर साहेब कारखान्याच्या मालकाचंही ऐकत नसत.

मग त्यांनी ड्रिल मशीनचा प्लग लावला, बटण दाबलं, आणि मशीन चालेना.

"नवं मशीन, आणि पहिल्याच दिवशी बिघडलं!" साहेब कडाडले. "आत्ता त्या दुकानदाराला..."

"अहो," खिडकीतून आवाज आला, "लाईट कुणी घालवलीय?"

साहेबांनी प्लग मुकाट्यानं काढून घेतला. पण हार मानतील तर ते साहेब कसले! शेजारच्या काकूंकडून लाईट घ्यायची ठरली. काकूंच्या घरातून वायर निघाली, मधल्या पॅसेजमधून आली आणि बाथरूमच्या वरच्या छोट्या खिडकीची एक काच काढून तिथून आत उतरली. दाराखालून नाही, कारण वायर दारात चिमटली तर सोलवटते. शिवाय दाराच्या खाली साहेबांनीच मागच्या महिन्यात रबराची पट्टी मारली होती. झुरळाची काय, मुंगीचीही आत यायची टाप नव्हती.

पुढची तयारी बघायला काकू मुद्दाम येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी फरशी तीनदा पुसून कोरडी केली. रबरी तळाचे बूट चढवले. घड्याळ आणि अंगठी काढली, बाह्या घट्ट केल्या. डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क, कानांवर आवाज अडवायची दोन मोठी झाकणं. हातमोजे मात्र नाहीत, कारण फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला तर मागोमाग हात जातो. मोबाईल बाहेर, कारण कामात लक्ष हवं. नको असलेली हत्यारं बाहेर, कारण पायात येतात.

"चंद्रावर निघालेत का गं?" काकूंनी विचारलं.

"पंधरा मिनिटांसाठी," बायको म्हणाली.

साहेबांनी दार लावून घेतलं. (मशीन चालू असताना अचानक कोणी आत घुसू नये म्हणून.) आणि खरं सांगतो, उगाच थट्टा करायची म्हणून खोटं कशाला बोला, काम त्यांनी फक्कड केलं. भोकं अशी सरळ पडली की सुतारानं तोंडात बोट घालावं. कुठे खरचटलं नाही, वायरला धक्का नाही. स्क्रूही मशीननंच आवळले (मशीन उलटं फिरत नाही, पण आवळायला उलटं कशाला फिरायला हवं?) आणि नवी कडी बसली. मशीनचा प्लग आधी काढून, मगच साहेबांनी कडीचा दांडा बोटानं हलकेच पुढे ढकलला. दांडा लोण्यात सुरी जावी तसा चौकटीत गेला.

आणि तिथेच राहिला.

कारण दांडा मागे ओढायची जी छोटी खुंटी असते, ती वेगळी येते. वेगळ्या पुडीत, वेगळ्या स्क्रूसकट. ती पुडी आणि पेचकस दोन्ही बाहेर हॉलमध्ये स्टुलावर, पायात येऊ नयेत म्हणून ठेवलेले! साहेबांनी नखानं ओढून पाहिलं, साबण लावून पाहिलं, दाराला खांदाही लावला. पण दार त्यांनी स्वतःच इतकं पक्कं केलं होतं की ते जागचं हललं नाही.

इकडे अकरा वाजले. बटणं लावून झाली. बायकोनं दार वाजवलं. एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी. आत कानांवरची झाकणं तशीच, त्यामुळे साहेबांचं आपलं निवांत चाललेलं. शेवटी काकू पॅसेजमध्ये खुर्चीवर चढल्या आणि खिडकीतून त्यांनी छत्रीच्या टोकानं साहेबांच्या डोक्यावर टकटक केलं.

"अहो, झालं का?" बायको दाराबाहेरून ओरडली.

"काम झालं," साहेब झाकणं काढत म्हणाले. "फक्त दार उघडत नाही. स्टुलावर एक छोटी पुडी असेल, तेवढी दे."

"आधी चावी द्या. अकरा वाजून गेलेत. खिडकीतून काकूंकडे द्या."

"चावी देता येणार नाही."

"का?"

"मी अजून कामावर आहे."

"तुम्ही अडकलाय!"

"तेच ते. अडकलेला माणूस म्हणजे न संपलेलं काम. ज्याचं कुलूप, त्यानंच स्वतःच्या हातानं काढायचं."

"मग तुमचा हात द्या काढून खिडकीतून. त्यानंच काढते कुलूप."

"हे बघ, तू स्विच लावलास आणि मला काही झालं तर?"

"काय होणार? भोकं पाडून झाली, वायरला धक्का नाही, आणि तुमचं मशीन तर काकूंच्या लाईटवर आहे!"

वादात हरायची वेळ आली, की साहेब जास्तच ठाम व्हायचे. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

बायको पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. "अहो, चाळीस पोरं आहेत. सतरा पोरं उघड्या शर्टात कशी उभी राहतील? मला परत कोणी विचारणार नाही हो."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि ही बाई रडकुंडीला आलेली त्यांनी दोनदाच पाहिली होती. दोन्ही वेळा कारण दुसरं कोणी नव्हतं, तेच होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. चावी त्यांनी खिशातून काढलीही. पण एकोणीस वर्षांची सवय! ती काही सरळ हात पुढे करू देईना.

बायकोनं नवऱ्याला ओळखलं होतं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "कारखान्यात एखादा चावी खिशात घालून घरी निघून गेला, तर काय करता?"

"वरिष्ठ अधिकारी येतो. धोका नाही याची खात्री करतो आणि दोन साक्षीदारांसमोर कुलूप काढतो."

"घरात वरिष्ठ कोण?"

साहेबांनी गॉगल काढून पुसला. मास्क खाली केला. मग इकडेतिकडे बघितलं, जसं काही आत आणखी कोणी ऐकायला होतं.

"तू," ते म्हणाले.

"झाली माझी खात्री. एक साक्षीदार काकू. दुसरा?"

"मी आहेच की," साहेब म्हणाले, आणि चावी खिडकीतून काकूंच्या हातात पडली.

लाईट आली. शिलाईचं मशीन सुरू झालं. साहेब बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

"सुई बदलताना आधी..." त्यांनी आतून सुरुवात केली.

"काढलाय प्लग!" बाहेरून उत्तर आलं.

"केस..."

"वर बांधलेत! अंगठी काढलीय! दोरा ओवताना पाय पेडलवर नाही! आणखी काही?"

आणखी बरंच होतं, पण साहेब गप्प बसले. करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून ते ऐकत राहिले. मशीन खर्रर्र करून चालायचं, थांबायचं, मग प्लग काढल्याचा खट्ट आवाज, थोडी शांतता, पुन्हा खट्ट, पुन्हा खर्रर्र. घाई होती तरी एकदाही त्यातलं काही चुकलं नाही. अठरा वर्षं ही बाई विजेच्या मशीनच्या सुईपासून बोटभर अंतरावर काम करत होती आणि दहाच्या दहा बोटं शाबूत होती. साहेबांनी मात्र तिच्या मशीनच्या वर 'सावधान' अशी पाटी लावली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान ते हेच, असं त्यांना वाटलं, आणि बायकोचा अभिमानही वाटला. तो त्यांनी दारातून ओरडून सांगितलासुद्धा.

"कौतुक नंतर करा!" बाहेरून आलं. "काज वाकडं होतंय!"

"ती पुडी सापडली का?"

"शोधतेय ना!" बायको म्हणाली. मशीनचा खर्रर्र मात्र काही थांबला नाही.

साडेबाराला विचारलं, तेव्हाही शोधणं चालू होतं. दीडला विचारलं, तेव्हाही. एवढ्याशा पुडीसाठी बिचारी किती शोधतेय, याचं साहेबांना वाईट वाटलं. वेळ जावा म्हणून त्यांनी भोकांच्या खुणा करायला आणलेल्या पेन्सिलीनं साबणाच्या वेष्टनावर अपघाताचा अहवाल लिहायला घेतला. दोनला इस्त्रीचा वास आला. अडीचला बाहेरचं दार वाजलं आणि घर चिडीचूप झालं. बादलीच्या तळाला उंचवटा असतो, हे साहेबांना तोवर नीट कळून चुकलं होतं.

चारला बायको परतली. काम फत्ते झाल्याचं पायांचा आवाजच सांगत होता.

"मिळालं हो! वर्षभराचं काम मिळालं! हेडमास्तरीणबाईंनी स्वतः काजं बघितली!"

"वा!" साहेब आतून ओरडले आणि उभे राहिले. (म्हणजे प्रयत्न केला. पायांना मुंग्या आल्या होत्या.) "आता ती पुडी..."

तोच वरच्या खिडकीतून काकूंचा हात आला. हातात पुडी आणि पेचकस. पाच मिनिटांत साहेब बाहेर.

"कुठे सापडली शेवटी?" त्यांनी विचारलं.

"सापडायची काय?" काकू म्हणाल्या. काकूंच्या पोटात काही राहत नाही. "साडेअकरापासून माझ्याच हातात आहे. मी तेव्हाच आत टाकणार होते, तर ही म्हणाली, काकू, मी येईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

"तुम्ही बाहेर आला असतात," ती शेवटी म्हणाली, "तर आधी माझ्या मशीनची तपासणी झाली असती. मग इस्त्रीची. मग वायरी मोजल्या असत्या. शर्ट तीनला गेले असते का, तुम्हीच सांगा."

असलं काही आपण केलंच नसतं, असं म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं. मग त्यांना आठवलं, की अहवालात इस्त्रीच्या वायरीवर वेगळा परिच्छेद लिहून झालाय. त्यांनी तोंड मिटलं.

दोन दिवस साहेब रुसून होते. तिसऱ्या दिवशी विसरले. कडी अजून झकास चालते, आलेल्या-गेलेल्याला ते दाखवतात.

महिन्याभरानं, एका शुक्रवारी संध्याकाळी, बायकोनं न मागता चहा आणून दिला. शिवणाच्या टेबलावर ऐंशी शर्टांचा ढीग होता आणि शाळेचा निरोप आला होता, उद्या दोनच्या आत.

"अहो," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "उद्या बाथरूममध्ये एक फळी बसवून द्याल का? तुमचा हात चांगला बसलाय. दहाला सुरू करा. लाईट मात्र सकाळपासूनच काकूंकडची घ्या. आपली राहू दे."

साहेबांनी शर्टांच्या ढिगाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. सगळं लक्षात आलं. पण हात चांगला बसलाय, हे त्यांना कारखान्यातसुद्धा कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं कागद ओढला आणि आत न्यायच्या सामानाची यादी करायला घेतली. गॉगल, मास्क, ड्रिल मशीन, स्क्रू. मग जरा विचार करून, सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत लिहिलं: उशी, एक.