बँड कापायचा न्हाई

तेलगाव फाट्यावरच्या रज्जाकभाईंच्या मोबाईलच्या दुकानात तुम्ही लग्नाची जुनी सीडी घेऊन गेलात, तर नवरा कोण, नवरी कुठली, असलं ते काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच. "बँड होता का?"

होता म्हणालात की खुर्ची मिळते, चहा येतो. नव्हता म्हणालात की, "ठिवा तिकडं, बघू."

जुन्या सीडीतली लग्नं मोबाईलमध्ये चालतील अशी करून देणं हा त्यांचा धंदा. सीडी चालवायचं यंत्र आता कुणाच्या घरी उरलंय? त्यामुळे दिंद्रुडपासून धर्मापुरीपर्यंतची लग्नं यांच्याकडे येतात. काउंटरवर रबर लावलेला, काच तडकलेला एक जुनापुराणा फोन असतो. त्याचं नाव डबडं. फॉरमॅट बदलला की व्हिडिओ आधी डबड्यात चालवून बघायचा. "ह्यात चालला तर चंद्रावर बी चालंल. आपल्या हातचं अडकत न्हाई!" हे वाक्य समोरच्या रसवंतीवाल्यालाही पाठ झालंय.

दुसरी खोड अशी, की प्रत्येक लग्न अथपासून इतिपर्यंत बघितल्याशिवाय ते हातात देत नाहीत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी बेहत्तर. एकदा चार्जर घ्यायला आलेल्या एका अनोळखी गृहस्थाला त्यांनी निरखून विचारलं, "पाव्हणं, तुमी तेच ना, फेटा बांधला न्हाई म्हणून मांडवातून रुसून गेलते?" गृहस्थ चार्जर न घेताच गेले.

मी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची सीडी घेऊन गेलो. ती पुण्याला असते, आणि तिच्या पोरींना आईचं लग्न बघायचं होतं. मी म्हणालो, "रज्जाकभाई, नवरदेवाचा परण्या घोडीवरून वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडं निघतो ना, तिथं नुसता बँडच बँड आहे. तेवढा कापा. फाईल हलकी होईल."

रज्जाकभाईंनी माऊस सोडला. "गुरुजी, पंगत कापतो. भाषणं कापतो. तुमी म्हणाल तर नवरदेव कापतो. बँड कापायचा न्हाई."

"पण कावून?" चिडलो की माझी शाळेत शिकवायची भाषा गळून पडते.

त्यांनी स्टूल पुढे केलं. "अब्बा बँडमधी क्लॅरिनेट वाजवायचे. ह्या भागातलं लग्न अन् अब्बा न्हाईत, असं व्हायचं न्हाई. ते गेल्यावर बघतो, तर घरात एक धड फोटो न्हाई! काढू म्हणलं की म्हणायचे, कॅमेरा नवरदेवासाठी असतो बेटा. म्हणून ह्या सीड्यांत हुडकतो. पण कॅमेरावाला बँडवर येतो अन् लगेच घोडीवर जातो. कुठं कोपर घावतं, कुठं टोपी, कुठं पाठ. चेहरा सोडून समदे अब्बा हायेत माझ्याकडं. अन् फुंक तर पुरी हाय, गुरुजी. ती कशी कापू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. आम्ही दोघं मिळून बहिणीचा परण्या बघायला बसलो.

देवळासमोर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडी बिथरली. आमचे दाजी तिच्या मानेला मिठी मारून ओरडायला लागले. ढोलवाला ढोल टाकून पळाला. बँड बंद पडला, पण एक क्लॅरिनेट वाजतच राहिलं. हा कोण, म्हणून कॅमेरा गर्रकन वळला.

लाल कोट, पांढरी दाढी, फुगलेले गाल, मिटलेले डोळे. लोक सैरावैरा पळतायत आणि हा माणूस गाणं पुरं करतोय.

मला वाटलं, रज्जाकभाई आता रडतील. मी दुसरीकडेच बघू लागलो. पण ते उठले, कॉलर नीट केली आणि दारात जाऊन रसवंतीवाल्यावर ओरडले, "इकडं ये बे! घोडी अडकली, ढोल अडकला. आमचे अब्बा अडकले न्हाईत!"

रसवंतीवाला आला, रिक्षावाले आले, दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येकाला त्यांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा दाखवला. मला उगाचच माझ्या बहिणीच्या लग्नाचा अभिमान वाटला.

गर्दी पांगल्यावर त्यांनी नेहमीसारखा व्हिडिओ डबड्यात घातला. तडकलेल्या काचेमागे अब्बा वाजवू लागले. रज्जाकभाईंनी थोडा वेळ बघितलं, मग फोन आल्यासारखं ते डबडं कानाला लावलं.

"हां, अब्बा," ते हळूच म्हणाले.