राऊतांचा कोरियन पत्रा

नवी गाडी घेतली की माणूस पेढे वाटतो. दिगंबर राऊतांनीही वाटले. फक्त प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवताना ते खालच्या आवाजात म्हणत होते, "घ्या. फसलो."

तेव्हा गाडी शोरूममधून पालघरला त्यांच्या घरापर्यंत आली होती, एवढंच. फसायला पुरेसा रस्तासुद्धा झाला नव्हता. पण राऊतांना पुराव्याची घाई कधीच नसे. निकाल आधी लावायचा, पुरावा सावकाश मिळतो, असा त्यांचा स्वभाव.

आमच्या तारापूरच्या कारखान्यात ते मेंटेनन्सचे सुपरवायझर, मी डिस्पॅचच्या टेबलावर. दोघंही पालघरचे, त्यामुळे गाडी आल्यापासून मी आणि आणखी दोघं त्यांच्याबरोबर जाऊ-येऊ लागलो. याला राऊत उपकार म्हणत नसत. "एकट्यानं कशाला सोसायचं? तुमी पण बसा," म्हणत.

गाडी कोरियन होती. मोठ्या, नावाजलेल्या कोरियन कंपनीची नाही, तर तिच्या धाकट्या, स्वस्तातल्या भावंडाची. मग घेतलीत कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बाकीच्या कंपन्या म्हाईत होत्या, म्हात्रेबाई. नव्यानं फसायचं तर नवीन कंपनी पायजे."

त्या कंपनीचा सगळा इतिहास त्यांना पाठ होता आणि तो रोज सकाळी आम्हाला ऐकावा लागे. पालघर सोडताना कंपनी सायकलचे सुटे भाग करत असे. उमरोळी येईपर्यंत ती तीनचाकी टेम्पो आणि ट्रक करू लागे. बेटेगावला तिचं दिवाळं निघे. आणि आमच्या गेटवर गाडी थांबायची त्या वेळी मोठ्या कंपनीने तिला विकत घेतलेलं असे. "म्हंजे कळलं का?" राऊत हँडब्रेक ओढत म्हणत, "आपण सायकलवर बसून आलो. वर पत्रा हाय, एवढाच फरक." मागे बसणारा आमचा केमिस्ट बेटेगाव यायच्या आत ठरवून झोपायचा. मला डुलकी लागत नाही, हा माझा दोष.

'पत्रा' हा त्यांचा आवडता शब्द. पार्किंगमध्ये उभी असलेली कुठलीही कोरियन गाडी दिसली की ते बोटाच्या पेराने तिच्या बॉनेटवर टकटक करत, कान लावत, आणि डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसे आम्हाला बाजूला घेऊन सांगत, "पत्रा." दुसरं पालुपद होतं "कोरियाला विचारा." चहात साखर कमी पडली, पंखा बंद पडला, साहेबाने रजा नाकारली, काहीही झालं तरी कोरियालाच विचारायचं.

पण त्याच पत्र्यात बसताना आम्हाला दाराबाहेर पाय काढून चपला एकमेकींवर झटकाव्या लागत. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. मे महिन्यात आम्ही त्या प्लास्टिकला चिकटून तारापूरला पोचायचो आणि उतरताना आवाज करत सुटायचो. दार जोरात लावलेलं त्यांना खपत नसे. आजाऱ्याच्या खोलीचं दार लावावं तसं ते लावायचं. आणि मुख्य म्हणजे, इतक्या वर्षांत ती गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तेच तर. कायतरी लपवतेय."

बोईसरच्या पेट्रोल पंपावर त्याच कंपनीची दुसरी गाडी दिसली की राऊत हमखास उतरत आणि मालकाची उलटतपासणी घेत. मनोरला हायवेवर हॉटेल चालवणारा एक माणूस हसून म्हणाला, "एकदम मस्त आहे गाडी."

"किती महिने झाले?"

"चार."

"मग बरोबर हाय. लग्नाला चार महिने झालेला पण असंच बोलतो."

एका हिंदी बोलणाऱ्या ठेकेदाराने त्यांना एसी एक नंबर असल्याचं सांगितलं. राऊत म्हणाले, "एसी के लिए फ्रिज ले लेते." तो ठेकेदार नंतर कारखान्यात भेटला की वाट बदलायचा.

त्यांना निरुत्तर केलं ते फक्त पालघरजवळच्या माहीमच्या एका कोळीणबाईंनी. बाईंच्या गाडीच्या मागच्या भागात सुक्या बोंबलांच्या टोपल्या खच्चून भरलेल्या. राऊतांनी मत विचारलं. बाई म्हणाल्या, "गाडी चांगली हाय. पण वास जात नाय."

"वास तुमच्या बोंबलांचा. गाडीचा काय दोष त्यात?"

"मंग तूच सांग ना बाबा, गाडीचा दोष काय?"

राऊत "शोधतोय," म्हणाले, आणि येऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेटेगावला दिवाळं निघालं नाही.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दलही विचारलं तर उत्तर तयार होतं: "मालकांची मतं ऐकली, मग विचार सोडला." आई होती तोवर तिच्याबरोबर राहिले, ती गेल्यावर त्याच घरात एकटे. हे मला इकडून तिकडून कळलं. त्यांनी स्वतःहून सांगितला तो फक्त कोरियाचा इतिहास. इतकं बोलणारा माणूस स्वतःबद्दल काहीच बोलत नाही, हे माझ्या लक्षात यायलाही बरीच वर्षं लागली.

मग ते निवृत्त झाले. पंधरा दिवसांनी फोन आला. "म्हात्रेबाई, गाडी काढतोय. आता कुणाला बसवू त्यात? गिऱ्हाईक येणारेत रविवारी. तुमी या. मला खोटं बोलायला जमत नाय."

म्हणजे खोटं बोलायला मी. तरी गेले.

पहिलं गिऱ्हाईक पालघरचंच एक तरुण जोडपं. गाडी किती जपलीय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर राऊत म्हणाले, "जपली, कारण विश्वास नव्हता." मग त्यांनी बॉनेटवर टकटक करून दाखवलं आणि कंपनीच्या सायकली सुरू केल्या. ट्रकपर्यंत पोचायच्या आत जोडपं निघून गेलं. दुसरा माणूस त्याहून लवकर गेला. मी पर्स उचलली. "राऊत, तुम्हाला गाडी विकायची नाहीये. उगाच माझा रविवार घालवलात."

"विकायची हाय. पण घेणाऱ्याला कळायला नको का, काय घेतोय ते?"

तेवढ्यात तिसरा आला. सुरेश वरठा, मनोरच्या पुढे एका पाड्यावर राहणारा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. कमी बोलणारा. राऊतांनी सुरुवात केली: पत्रा, सायकल, टेम्पो. मास्तर सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सर, आईला चढता येईल ना? तिला पाय उचलवत नाय."

"आईला काय झालंय?"

"किडनी. आठवड्यातून दोनदा बोईसरला डायलिसिसला न्यायला लागतं. जाताना ठीक असते. येताना बसमधी उभी राहू शकत नाय."

दिवाळं निघायचं राहून गेलं. राऊत गाडीभोवती एक चक्कर मारून आले, मागचं दार उघडून सीटची उंची हाताने मोजली आणि म्हणाले, "आठ दिवसांनी या."

"म्हणजे नाही द्यायची?"

"आठ दिवसांनी या म्हटलं ना."

मास्तर बिचारा मान हलवून गेला. मी राऊतांना मनातल्या मनात जितकं बोलता येईल तितकं बोलले आणि घरी आले.

आठ दिवसांनी मी मुद्दाम पाहायला गेले. गाडीला चारही टायर नवे होते. बॅटरी नवी, ब्रेकचं काम केलेलं. मागच्या सीटवरचं प्लास्टिक निघालं होतं. इतकी वर्षं मी ज्याला चिकटून प्रवास केला ते माझ्यासाठी कधी निघालं नव्हतं. सीटखाली एक छोटा लाकडी पाट होता, रबर ठोकलेला, पाय ठेवून चढण्यासाठी. राऊतांनी तो स्वतः केला होता.

चावी देताना ते मास्तरला म्हणाले, "गाडी विश्वासाची नाय, हे सांगून ठेवतो. आजारी माणूस घेऊन जाणार तुमी. मी दर रविवारी येऊन बघणार. चालत असेल तर न्या."

मास्तर म्हणाला, "चालेल, सर."

दर रविवारी! मला हसू आवरेना. गाडी विकली, पण नावं ठेवायचा हक्क राखून ठेवला.

राऊत खरोखरच जाऊ लागले. सकाळच्या एसटीने मनोर, तिथून जीपने पाड्यावर. सोमवारी मला फोन: "काल हॉर्न वाजत नव्हता. मी बोललो नव्हतो?" पुढच्या सोमवारी वायपर. त्याच्या पुढच्या सोमवारी मागचा दिवा. "इतकी वर्षं दबा धरून बसली होती. आता दात दाखवतेय." आवाजात असा आनंद, की जणू कोरियानेच चूक कबूल केलीय.

मला मात्र मास्तरची काळजी वाटू लागली. आजारी आई आणि असली गाडी. ती विकताना मी हजर होते, म्हणजे पाप थोडं माझंही. म्हणून एका रविवारी मीही राऊतांबरोबर गेले.

घर कुडाचं, अंगण सारवलेलं, गाडी जांभळाखाली सावलीत उभी. मास्तरची आई ओटीवर बसून होती. राऊतांना पाहून म्हणाली, "आला का भाऊ? आज सुरूच होत नाय बग ती." राऊतांचा चेहरा उजळला. पिशवी खाली ठेवून ते थेट बॉनेटमध्ये शिरले आणि तिथून कोरियाचा उद्धार ऐकू येऊ लागला. म्हातारी ओटीवरून हुंकार देत होती. तिला सायकलपासून सगळं पाठ झालेलं दिसलं, कारण मध्येच तिने विचारलं, "मंग त्या थोरल्या कंपनीनं घेतली ना तिला?" राऊत आतूनच म्हणाले, "थांब ना, आक्का. अजून दिवाळं निघायचंय."

मी मास्तरला बाजूला घेतलं. "मास्तर, फार त्रास देते का हो गाडी?"

तो ओशाळला. "नाय, मॅडम. एकदापण नाय."

"मग दर रविवारी काय बिघडतं?"

"शनिवारी संध्याकाळी मी कायतरी ढिलं करून ठेवतो." तो हळू बोलत होता. "सुरुवातीला एका रविवारी सगळं बरोबर होतं. सरांनी बघितलं, पाच मिनिटात निघाले. बस धरायची म्हणाले. आईनं भात टाकला होता. ती म्हणाली, माणूस उपाशी गेला रे. त्याच्या घरी कोण नाय. आता कायतरी मोडून ठेवत जा."

नाचणीची भाकरी, कालवण आणि भात असं जेवण झालं. राऊत दोनदा भात मागून जेवले. कारखान्यात ते डब्यातली एक पोळी परत न्यायचे.

परतीच्या बसची वाट पाहत आम्ही मनोरला उभे होतो. सांगावं की नाही, मी ठरवत होते. इतकी वर्षं या माणसाने माझे कान खाल्ले, एकदा तरी त्यांचं विमान जमिनीवर आणायची संधी होती. पण तोंड उघडवेना.

राऊतच म्हणाले, "मास्तर गुणी हाय. पण हात चांगला नाय त्याचा."

"म्हणजे?"

"बॅटरीचा नट पक्कडीनं ढिला करतो. कडा झिजल्या सगळ्या. हॉर्नच्या वायरीला पण दातांचे वण." ते रस्त्याकडे पाहत होते. "तीस वर्षं मेंटेनन्स केलं, बाई. आपोआप सुटलेला नट आणि सोडलेला नट, मला कळत नाय होय?"

"मग बोलत का नाही त्याला?"

बस आली. चढून खिडकीशी बसल्यावर, पिशवी मांडीवर घेत राऊत म्हणाले, "पुढच्या रविवारी त्याला दहाचा पाना नेऊन देतो. म्हंजे नट खराब होणार नाय."